उडालेल्या रंगाचा माग

लाल रंगवलेले रेशीम पाण्यात भिजवायचे आणि त्यावर भाताच्या पेंढ्याच्या राखेचे निवळ पाणी थेंब थेंब सोडायचे. कापडातला सगळा लाल रंग उतरतो, रेशीम पुन्हा पांढरे होते. उतरलेला रंग मुगाच्या पिठीत मुरवून ठेवायचा आणि हवा तेव्हा बाहेर काढून दुसरे कापड रंगवायचे. वाया काही जात नाही. सोंग यिंगशिंग या चिनी पंडिताने १६३७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘तियानगोंग काइवू’ या ग्रंथात ही युक्ती नोंदवली आहे. रंगारी ती बाहेर कुणाला सांगत नाहीत, असेही तो लिहून ठेवतो.

हा लाल रंग करडईचा. सोलापूर-मराठवाड्याच्या रब्बी शिवारात तेलासाठी पेरली जाते तीच काटेरी करडई. तिच्या पाकळ्यांत दोन तऱ्हेचे रंग असतात. पिवळा भरपूर असतो आणि साध्या पाण्यात सुटतो. लाल मात्र पाकळ्यांच्या वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी. त्याचे नाव कार्थामिन. तो साध्या पाण्यात सहज सुटत नाही. राखेच्या अल्कधर्मी पाण्यात सुटतो आणि आंबट पडले की पाणी सोडून रेशमाला जाऊन चिकटतो. म्हणून चिनी रंगारी आधी पाकळ्या कुटून पिवळा धुऊन काढत, मग राखेच्या पाण्याने लाल सोडवत आणि धुरावलेल्या आलुबुखाऱ्याच्या आंबट पाण्याने तो कापडावर बसवत. पिवळा धुण्याची रीत सहाव्या शतकातल्या ‘छीमिन याओशू’ या शेतीविषयक ग्रंथातही सापडते.

जो रंग इतक्या सहज चढतो आणि उतरतो, तो टिकणार कसा? उजेडात करडईचा लाल फार लवकर विटतो. लाल झगे अगरू आणि कस्तुरीच्या सुगंधात ठेवले तर महिन्याभरातच रंग बिघडतो, असा इशारा सोंगने दिला होता. त्यामुळे हजार वर्षांपूर्वी डाळिंबासारखे लाल असलेले रेशीम आज संग्रहालयात बदामी किंवा मातकट दिसू शकते. तरीही अशा तुकड्यापुढे उभा राहून रसायनज्ञ खात्रीने सांगतो, ‘हा करडईचा लाल होता.’ समोर नसलेला रंग ओळखण्याची ही करामत कशी साधते, हे पाहण्यासारखे आहे.

एक तुटका धागा

पहिली अडचण नमुन्याची. बाराशे वर्षे जुन्या रेशमाला कात्री लावायची परवानगी कुणी देत नाही. शिवणीच्या आत दबलेला, मागच्या बाजूला सुटून लोंबणारा एखादा धागा मिळतो. त्याची लांबी काही मिलिमीटर आणि वजन बहुतेक वेळा एक मिलिग्रॅमहून कमी. तो काही थेंब द्रावकात बुडवून रंग उतरवून घेतात आणि ते द्रावण अतिसूक्ष्म कणांनी ठासून भरलेल्या एका बारीक नळीतून दाबाने ढकलतात. जत्रेच्या बाजारात एका टोकाने एकदम शिरलेली माणसे दुसऱ्या टोकाला एकदम पोहोचत नाहीत. ज्याला दुकानांत रस नाही तो आधी बाहेर पडतो, दर पालापुढे रेंगाळणारा सर्वांत शेवटी. नळीतल्या कणांपाशी रेणूही असेच कमी-जास्त रेंगाळतात आणि वेगवेगळ्या मिनिटाला बाहेर येतात. हीच क्रोमॅटोग्राफी.

बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रेणूची मग दोन अंगांनी चौकशी होते. तो कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतो, हे एक. दुसरे त्याचे वस्तुमान. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर त्याला विद्युतभारित करून तोलतो, मग फोडून त्याचे तुकडेही तोलतो. बाहेर येण्याची वेळ, शोषलेला प्रकाश आणि वस्तुमान या तिन्ही गोष्टी जुळल्या की रेणूची ओळख पटते.

पण रेणू ओळखणे आणि झाड ओळखणे या दोन गोष्टी निराळ्या. निसर्गात एकच रंगद्रव्य अनेक झाडे बनवतात. कोणत्याही झाडाच्या सालीत, फुलात किंवा मुळात मुख्य रंगासोबत डझनावारी किरकोळ संयुगे असतात, आणि त्यांतली कित्येक बिनरंगाची असतात. रंगाऱ्याला त्यांची गरज नव्हती. ती रंगासोबत आपसूक कापडात गेली. आज झाडाचे नाव मुख्यतः तीच सांगतात.

साखर तोडली की ओळख जाते

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धाग्यातला रंग काढण्याची रूढ पद्धत मोठी आक्रमक होती. जुने रंग बहुधा तुरटी लावून पक्के केलेले असत. तुरटीतला ॲल्युमिनियम एका बाजूने रेशमाला धरतो आणि दुसऱ्या बाजूने रंगाला. ही पकड सोडवण्यासाठी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात धागा गरम करत. रंग सुटे, पण त्याच वेळी एक नुकसान होई.

चीनमधला पॅगोडा वृक्ष घ्या. त्याच्या न उमललेल्या कळ्या वाळवून पिवळा रंग करत. या कळ्यांत रुटिन नावाचे संयुग भरपूर असते. रुटिन म्हणजे क्वेर्सेटिन हे पिवळे द्रव्य आणि त्याला जोडलेली दोन साखरेच्या रेणूंची जोडी. तीव्र आम्लात साखर तुटते आणि नुसते क्वेर्सेटिन उरते. आता क्वेर्सेटिन कांद्याच्या सालीतही असते आणि इतर कितीतरी वनस्पतींतही. मग धाग्यात ‘क्वेर्सेटिन मिळाले’ म्हणून काय कळले? फार काही नाही. प्रत्येक झाड पिवळ्या द्रव्याला कोणती साखर कुठे जोडते, यातच त्याची खूण असते, आणि नेमकी तीच खूण प्रयोगशाळेत पुसली जात होती.

बोस्टन विद्यापीठातले रिचर्ड लॉरसन आणि झांग शिआन यांनी २००५ साली यावर सौम्य उपाय मांडला. तीव्र आम्लाऐवजी फॉर्मिक आम्ल किंवा धातूला ओढून घेणारे ईडीटीए वापरायचे. ॲल्युमिनियमची पकड सुटते आणि साखर शाबूत राहते. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये ६१० वस्तुमानाचे रुटिन अखंड दिसते. ते फोडले की ३०८ ची साखरजोडी गळून ३०२ चे क्वेर्सेटिन उरते. त्याच्या आसपासची इतर संयुगेही जागेवर असली तर पॅगोडा वृक्षाच्या कळ्यांचे नाव घेता येते.

या कळ्यांचा पिवळा आणि वर निळीचा हात दिला की हिरवा होई. सोंगच्या ग्रंथात दरबारी हिरव्या रंगाची कृती हीच आहे. नीळ उजेडाला चांगले तोंड देते, पिवळा तितके देत नाही. परिणामी जुन्या भरतकामातली पाने कधी कधी निळसर दिसतात. ती मुळात निळीच काढली होती, असा समज करून घेण्याआधी धाग्यात रुटिनचे अवशेष शोधावे लागतात.

पिवळ्यांची भावकी

पिवळ्यात तर किती घराणी! चीनमधल्या हुआंगबो या झाडाची आतली साल गर्द पिवळी असते. तिच्यातले मुख्य द्रव्य बर्बेरिन. आपल्या आयुर्वेदातली दारुहळद पिवळी असते तीही बर्बेरिनमुळेच. बर्बेरिनच्या रेणूवर धनभार असतो, त्यामुळे तो रेशमातल्या ऋणभारित जागांना थेट चिकटतो. तुरटीची गरज नाही. किडीला दूर ठेवण्याचा गुण त्यात असल्यामुळे कागदही या सालीने रंगवत. इसवी सन ८६८ मध्ये छापलेल्या आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेल्या वज्रसूत्राचा कागद याच सालीने पिवळा केलेला आहे. अतिनील दिव्याखाली बर्बेरिन झगझगीत पिवळे चमकते, त्यामुळे कापडाला हात न लावता पहिला सुगावा लागतो.

झाड कोणते हे ठरवायला मात्र पुन्हा सोबती लागतात. हुआंगबोच्या दोन जाती रंगासाठी वापरात होत्या. ईशान्येकडच्या जातीत बर्बेरिनबरोबर पामाटिन नावाचे भावंड चांगल्या प्रमाणात असते, मध्य चीनमधल्या जातीत ते नाममात्र असते. दोघांच्या वस्तुमानात फरक फक्त सोळाचा, ३३६ आणि ३५२. त्यांच्या परस्पर प्रमाणावरून साल देशाच्या कोणत्या भागातली असावी, याचा अंदाज करता येतो.

दुसरे घराणे अनंताचे. आपल्या अंगणातला सुवासिक अनंत मूळचा चीनकडचा. बागेतल्या दुहेरी फुलांच्या जातीला सहसा फळ धरत नाही, म्हणून त्याचे नारिंगी फळ आपल्या ओळखीचे नाही. चीनमध्ये मात्र हे फळ रंगासाठी फार जुन्या काळापासून वापरात होते. त्याच्यातले क्रोसिन हेच केशराचेही रंगद्रव्य! मग पिवळा तुकडा अनंताने रंगवला की केशराने, हे कसे ठरवायचे? अनंताच्या फळात जेनिपोसाइड नावाचे बिनरंगाचे संयुग असते आणि केशरात ते नसते. ते मिळाले की वाद मिटला.

तिसरे हुआंगलू नावाचे झुडूप. त्याच्या पिवळ्या लाकडात फिसेटिन आणि सल्फ्युरेटिन ही जोडी असते. सोंग सांगतो की खर्च वाचवणारे रंगारी करडईचा महागडा लाल देण्याआधी कापडाला या लाकडाचा अस्तररंग देत. म्हणजे लालच्या खुणांसोबत फिसेटिन आणि सल्फ्युरेटिन मिळाले, तर सतराव्या शतकातल्या रंगाऱ्याची ही काटकसर आजही पकडता येते. याच सोंगने सोनेरी पिवळ्याची कृती दिली आहे, पण सम्राटाच्या वस्त्रांशी जोडलेल्या गेरूपिवळ्यापुढे मात्र कृती माहीत नाही, असे प्रांजळपणे लिहिले आहे. काही रंग गुप्त राखले जात होते. आता त्यांचा शोध पुस्तकापेक्षा धाग्यातच घ्यावा लागतो.

गेलेला लाल

आता त्या बदामी तुकड्याकडे येऊ. १९०० साली चीनमधल्या दुनहुआंगच्या मोगाओ गुहांपैकी एकीत भिंतीआड बंद झालेली खोली वांग युआनलू या ताओपंथी साधूला सापडली. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला बुजवलेल्या त्या खोलीत हजारो हस्तलिखिते, रेशमी चित्रे, ध्वज आणि भरतकाम होते. १९०७ मध्ये पुरातत्त्व संशोधक ऑरेल स्टाइनने त्यातला मोठा वाटा लंडनला नेला. कोरडी हवा आणि अंधार यांमुळे कापडे टिकली, काहींचे रंगही टिकले. पण गुहेत येण्याआधी ते ध्वज देवळांत उजेडात फडकलेले होते. त्यामुळे या संग्रहात झळझळीत लाल आहे, तसा कसाबसा ओळखू येणारा लालही आहे.

कार्थामिन नाहीसे झाले तर करडई सिद्ध कशी करायची? जुन्या रंगांचे विश्लेषण करणारे यान वाउटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली उत्तर दिले. करडईने रंगवलेल्या धाग्यांत चार बिनरंगाची संयुगे त्यांना सतत सापडत होती. कार्थामिन विटले तरी ही चारही तिथेच राहतात. उजेडाचे त्यांच्याशी वैर नाही, कारण दिसणारा प्रकाश ती शोषतच नाहीत. रंगवताना कुणाला दिसली नाहीत, म्हणून शतकानुशतके कुणी मोजली नाहीत. आज डोळ्यांना फिकट वाटणाऱ्या तुकड्यात ती सापडली की करडईचा लाल पुन्हा नोंदवहीत येतो.

पतंगाच्या लाकडाची गोष्ट आणखी मजेची. हे लाकूड आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. चीनमध्ये ते आग्नेय आशियातून जहाजांनी येई. तुरटीबरोबर त्याचा लाल, हिराकसबरोबर जांभळा. त्यातले ब्राझिलीनही उजेडात नाहीसे होते. विश्लेषण करणाऱ्यांना जुन्या पतंगी धाग्यांत एक संयुग नेमाने दिसे, पण ते काय आहे हे माहीत नसल्याने त्याला ‘टाइप सी’ असे कामचलाऊ नाव देऊन वर्षानुवर्षे ओळखीची खूण म्हणून वापरत. रचना ठाऊक नसलेल्या रेणूच्या भरवशावर निदान! २०१८ मध्ये उलगडा झाला की ते यूरोलिथिन-सी आहे. ज्या वस्त्रात ब्राझिलीन शोधून सापडत नाही, तिथेही हे संयुग पतंगाची हजेरी लावते.

धाग्यातला नकाशा, धाग्यातले साल

झाड कळले की पुढचे प्रश्न सुरू होतात. मंजिष्ठेचे उदाहरण घ्या. भारत-चीनकडच्या मंजिष्ठेच्या मुळात पर्प्युरिन आणि मंजिस्टिन मुख्य असतात, अलिझारिन जवळजवळ नसते. पश्चिम आशिया आणि युरोपात लावल्या जाणाऱ्या तिच्या बहिणीत अलिझारिन भरपूर असते. लॉरसन यांनी चिका मौरी यांच्यासोबत २०१२ साली अशा निरनिराळ्या जाती वेगळ्या ओळखायच्या खुणांची तपशीलवार मांडणी केली. आता रेशीम मार्गावरच्या एखाद्या वाळवंटी थडग्यातल्या लाल कापडात अलिझारिन मुबलक निघाले, तर ते मूळ किंवा ते कापड पश्चिमेकडचे, असा तर्क करायला आधार मिळतो. विणीची पद्धत एकीकडची आणि रंग दुसरीकडचा, असेही होऊ शकते. तेव्हा व्यापार कशाचा चालला होता, कापडाचा की रंगाचा, हे नव्याने विचारावे लागते.

कालनिर्णयातही हे उपयोगी. १८५६ साली अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने कोळशाच्या डांबरातून पहिला गाजलेला कृत्रिम जांभळा रंग काढला आणि पुढच्या काही दशकांत असे रंग चीनच्या रंगशाळांत पोहोचले. त्यामुळे अठराव्या शतकातला म्हणून विकायला आलेल्या राजझग्यात डांबरी रंग निघाला, तर एक तर झगा नंतरचा किंवा तिथे मागाहून दुरुस्ती झालेली. नमुना भरतकामातून घेतला की मूळ कापडातून, याला म्हणूनच महत्त्व असते.

संग्रहालयाच्या रोजच्या कामातही या माहितीला किंमत आहे. करडई, हळद किंवा पतंग असलेले वस्त्र ५० लक्सच्या मंद उजेडातही मोजकेच दिवस बाहेर ठेवावे लागते. नीळ किंवा मंजिष्ठ असेल तर थोडी मोकळीक मिळते.

जिथे रसायनशास्त्र गप्प बसते

या सगळ्या कौशल्याला निळा रंग मात्र फारशी दाद देत नाही. चीनमध्ये नीळ काढण्यासाठी निदान चार निरनिराळ्या कुळांतल्या वनस्पती लावत. त्यांतली दक्षिणेकडची एक तर सह्याद्रीतल्या कारवीच्याच प्रजातीतली. पण चारींमधून निघणारे इंडिगोटिन एकच, वस्तुमान २६२. सोबती कुठे गेले? नीळ बनण्याची रीतच त्यांना वगळते. पाने कुजवून, पाणी घुसळून हवा मिळाली की इंडिगोटिन न विरघळणारा गाळ होऊन खाली बसते आणि बाकीचा बराचसा माल पाण्याबरोबर वाहून जातो. पुढे हौदात तोच गाळ पुन्हा विरघळवून रेशमावर चढवतात. इतका गाळून घेतलेला रंग आपल्या झाडाविषयी फार थोडे सांगतो.

काळ्याचेही तसेच. मायफळ किंवा ओकच्या फळांच्या टोप्या यांतले टॅनिन आणि हिराकस यांपासून काळा होई. काळाच्या ओघात टॅनिन मोडून बहुतेक वनस्पतींत सारखीच आम्ले उरतात. शिवाय हिराकसमधले लोह रेशीम कुरतडते, म्हणून जुन्या वस्त्रांत काळा भाग बहुधा आधी झडतो. तपासायला धागा मिळतो, पण त्यात सांगण्यासारखे थोडेच उरलेले असते.

यावरून एक नियम दिसतो. रंग जितका भेसळीचा, तितका तो बोलका. रंगाऱ्याला नकोसा वाटणारा गाळसाळ अभ्यासकाला हवा असतो, आणि निर्मळ रंग त्याला अडवतो.

या खुणा वाचायला तुलनेसाठी खात्रीचे नमुने लागतात, आणि ते यंत्रातून मिळत नाहीत. कुणीतरी ओळख पटलेल्या झाडाची साल आणून, जुन्या कृतीप्रमाणे, पांढऱ्या रेशमावर रंग चढवावा लागतो. हांगचौच्या चीन राष्ट्रीय रेशीम संग्रहालयासारख्या संस्थांत पुरातत्त्व, वनस्पतिशास्त्र आणि रंगाऱ्याची चूल एकत्र येतात त्या याच कामासाठी. मग ते तुकडे उजेडात ठेवून मुद्दाम म्हातारे करतात आणि प्रत्येक टप्प्यावर काय गेले, काय उरले हे लिहून काढतात.

याची छोटी आवृत्ती घरीही करता येते. काष्ठौषधींच्या दुकानातून मंजिष्ठ, पतंग आणि दारुहळद आणा. हळद घरात असतेच. न रंगवलेल्या पांढऱ्या रेशमाचे चार तुकडे घ्या. मंजिष्ठ आणि पतंगासाठीचे तुकडे आधी तुरटीच्या पाण्यात भिजवा, बाकीचे दोन थेट काढ्यात टाका. वाळले की प्रत्येकाचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून उन्हाच्या खिडकीत ठेवा. सर्वांत आधी हळद हार मानेल. अतिनील टॉर्च असेल तर हळद आणि दारुहळद दोन्ही चमकतील, आणि नुसत्या चमकेवर निकाल का देता येत नाही, तेही कळेल. रंगवलेल्या प्रत्येक कापडाचा एक कोपरा कापून, त्यावर झाडाचे नाव, कृती आणि तारीख लिहून, बंद डब्यात ठेवून द्या. मोठ्या प्रयोगशाळांचा संदर्भसंग्रह अशाच नीट लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर उभा असतो.